कॉर्नेटचं जाकीट

माझ्या हातांना घाम येतो. आता वय झालं, अंगातलं बाकीचं पाणी आटत आलं, तरी तळहात काही सुकत नाहीत. लातूरला रेशनच्या दुकानात त्या मशिनीवर अंगठा ठेवला की ती नाही म्हणते. दुकानदार फडकं पुढं करतो, मी पुसतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा नाही, आणि मागची रांग चुळबुळ करू लागते. सूनबाई सोबत असली तर म्हणते, "मामा, जरा फुंकून वाळवा." मी फुंकतो. जन्मभर फुंकण्याचंच काम केलं, त्यात मला नवीन काही नाही. पण घरी येईपर्यंत ते डोक्यात फिरत राहतं, आणि मग मुखेडचं घर आठवतं, अण्णा आठवतात, आणि माधव आठवला की मी उठून खिडकीपाशी जातो. हे लिहायला बसल्यापासून दोनदा जाऊन आलो.

मुखेडला आमची बँड पार्टी होती. अण्णा म्हणजे माझे वडील, पार्टीचे मास्तर. लोकांच्या भिंतीवर विळे-कोयते टांगलेले असत, आमच्या भिंतीवर वाजे. एका ओळीत कॉर्नेट, मग युफोनियम, कोपऱ्यात अजगरासारखा वेटोळं घातलेला मोठा बासा, आणि खाली ढोल, त्यावर मांजर. सकाळी मायचा सडा टाकून व्हायच्या आत अण्णा आम्हाला ओढ्याच्या कडेला नेत. आम्ही म्हणजे मी आणि माझा चुलत भाऊ माधव, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तिथं लांब सूर धरायचे. एकच सूर, श्वास संपेपर्यंत, हलू न देता. माधवचा सूर ताणलेल्या दोरीसारखा सरळ जायचा. माझा निघायचा जोरात आणि मध्येच कुठंतरी भटकायला जायचा. अण्णा डोळे मिटून ऐकत आणि न उघडताच म्हणत, "गंग्या, पाय हलवून राहिलास." खरंच हलत असायचा. बसलो तर पाय हलायचा, उभा असलो तर मान, आणि झोपेतसुद्धा मी कॉर्नेटच्या तिन्ही कळा दाबत असतो असं माय सांगायची. "बसल्या जागी पाय हलवू नको, घरातली बरकत जाती," हे तिचं दिवसातून दहा वेळचं.

वाजवणाऱ्यांच्या घरातलं खाणंही वेगळं. ओठाला तिखट लागलं की फुंक धड बसत नाही, म्हणून सुपारीच्या दिवशी (लग्नाचं काम ठरलं की आम्ही सुपारी म्हणतो) आम्हाला भाकरी दह्यासोबत. शेंगदाण्याची चटणी तर बिलकुल बंद, दाताच्या फटीतला कण फुंकीबरोबर नळीत जाऊन बसतो. माय आमच्यासाठी जवसाची चटणी बारीक वाटून, मिरची दाखवल्यासारखी करून ठेवायची. बाकी घरांतली पोरं लग्नाचं जेवण आठवत असतील, मला लग्न म्हटलं की आधीची ती आळणी भाकरी आठवते. जेवण आम्हाला मिळायचं शेवटच्या पंगतीला, तोवर बुंदी गार आणि भूक मेलेली.

पितळ उघडं पडतं असं लोक बोलण्यापुरतं म्हणतात. आमच्या घरात ते खरोखर उघडं पडायचं आणि बोलणी मला बसायची. वाज्यावर निकेलचं गिलीट असतं, पांढरं, आरशासारखं. माणसाच्या घामात खार असतो, तो गिलीट खातो. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. माधवचे तळहात कोरडे ठणठणीत. त्यानं चार वर्षं वाजवलेलं कॉर्नेट पुसलं की नव्यासारखं दिसायचं. माझ्या हातात दिलेलं कॉर्नेट एका लग्नसराईत कळांभोवती काळवंडलं आणि दुसऱ्या लग्नसराईत तिथं चांगला पंजा उमटला, पिवळा. मायनं सगळे उपाय केले. तुरटी चोळली. बाभळीच्या सालीच्या काढ्यात हात बुडवून बसवलं. एकदा तर दोन्ही तळहातांना मेंदी लावली, आणि मी महिनाभर शाळेत मुठी झाकून बसलो. पोरांनी "नवरीबाई" म्हणायचं ते म्हटलंच. घाम मात्र मेंदीतूनही आला.

आणि अशात ते नवं कॉर्नेट घरी आलं. अण्णा हैदराबादला गेले होते, येताना त्यांच्या मांडीवर निळ्या मखमलीच्या अस्तराची पेटी होती. एस्टीत ती त्यांनी टपावर टाकू दिली नाही. घरात आल्यावर हातपाय धुतले, मग पेटी उघडली. मी तोवर निकेल पाहिलं होतं ते उडालेलं, डागलेलं, चिंचेनं घासून घासून थकलेलं. हे असं होतं की त्यात आमचं अख्खं घर दिसत होतं, तुळई, दिवा, मायचा पदर, आणि वाकलेलं माझं तोंड. अण्णांनी एक सूर लावला. मांजर ढोलावरून उतरून बाहेर गेलं. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी हात पाझरू लागले.

"हे माधव वाजवील," अण्णा म्हणाले. "गंग्याच्या हाताला तेजाब हाय. एका सालात कोळसा करील याचा."

कारण खरं होतं, म्हणूनच ते मला सोसलं नाही. शिवाय त्याच्या मागं आणखी एक गोष्ट होती, ती कुणी बोललं नाही तरी घरात सगळ्यांना ठाऊक होती. पार्टी मुळात काढली ती थोरल्या काकांनी, माधवच्या वडलांनी. अण्णांच्या तोंडाला वाजा लावला तो त्यांनी. ते आणि काकू दोघंही माधव लहान असतानाच गेले, आणि तेव्हापासून तो आमच्यात. अण्णा त्याला वाढताना आधी वाढत. कपडा घेतला तर त्याला आधी. मला वाटायचं, हे घाम-बिम सगळं निमित्त आहे, अण्णांना भावाचं देणं फेडायचं आहे आणि ते माझ्या वाट्यातून फेडतायत. सतरा वर्षांच्या पोराला असंच वाटतं. मी जेवण सोडलं. पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी मायनं अण्णांपुढं ताट ठेवता ठेवता विषय काढला.

"पोरगं बगर जेवायचं झुरून राहिलंय. द्या की चार दिस."

अण्णांनी भाकरी मोडली, माझ्याकडं बघितलं नाही. "चार दिस कशाला, खंडेनवमीपर्यंत देतो. खंडेनवमीला पूजेत मांडताना गिलीट आज हाय तसं दिसलं, तर कॉर्नेट गंग्याचं, कायमचं. न्हाई दिसलं तर माधवचं. मग पुन्हा या घरात यावर बोलणं न्हाई."

माधव भिंतीला टेकून बसला होता. "हाव काका, चालतंय," म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेही मला आवडलं नाही.

आता कॉर्नेट माझ्याकडं आलं आणि मी त्याला हात लावायला भिऊ लागलो. रुमाल गुंडाळून धरलं तर कळा नीट दाबल्या जाईनात. मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, ती अर्ध्या तासात चिंब. मग एकदा बाजाराच्या दिवशी मारोती काकांच्या पुढ्यात वहाण सांधायला बसलो होतो, तेव्हा त्यांच्या आरीची मूठ दिसली. लाकडी मुठीवर त्यांनी कातडं चढवलेलं होतं, वर्षानुवर्षांच्या हातानं काळं, गुळगुळीत झालेलं. मारोती काका आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे, जोडे शिवायचे, कमी बोलायचे. मी म्हटलं, काका, वाज्याला असं जाकीट करता येईल का? त्यांनी आरी खाली ठेवली आणि मला कॉर्नेट आणायला पाठवलं. मी पळतच गेलो, पळतच आलो.

त्यांनी वाजा हातात घेतला नाही, मला धरायला लावला आणि माझी बोटं कुठं कुठं टेकतात ते बघितलं. डावा तळवा तिन्ही कळांच्या नळकांड्यांना वेढतो, उजव्याचा अंगठा मध्ये, करंगळी वर. त्यांनी कागदावर तसा आकार कापला, मग पोत्यातून बकऱ्याच्या कातड्याचा एक तुकडा काढला, तरवडाच्या सालीत मुरवलेला, बदामी, मऊ. "हे घे. पण अजून यातलं मीठ सुटायचं हाय," ते म्हणाले. "आठ दिस पाण्यात ठेव, रोज पाणी बदल. मीठ निघालं का न्हाई ते जिभेला लावून बघायचं. मग सावलीत वाळव, तेल पाज, मग बांध. आणि शिवू नको बरं का. कातड्याच्या वादीनं बांध. रोज वाजवून झालं की सोडायचं, आतून पुसायचं, कातड्याला वारं द्यायचं. कातड्याला घाई चालत न्हाई, बापू."

आठ दिवस. आणि उदगीरची सुपारी गुरुवारची, म्हणजे पाच दिवसांवर. मोठ्या आडत व्यापाऱ्याच्या घरचं लग्न, पार्टीला नवं गिऱ्हाईक. तिथं अण्णा मला पुढं उभं करणार होते. मी कातडं घमेल्यात भिजत घातलं आणि दर घटकेला जाऊन त्याला काठीनं ढवळलं, जणू त्यानं ते लवकर शिजणार होतं. दुसऱ्या दिवशी जिभेला लावलं. खारट लागलं. मी मनाशी म्हटलं, माझ्याच हाताचा घाम लागला असेल, त्याचीच चव आहे. इतकं सोयीचं कारण मला पुन्हा आयुष्यात कधी सुचलं नाही. कातडं पिळलं, उन्हात वाळवलं, करडईचं तेल चोळलं, आणि मारोती काकांची चामडं कापायची जुनी रापी मागून आणून कापलं.

वादी बांधून पाहिली. गाठ तळहाताला टोचायची, वाजवताना सैल व्हायची, आणि सोडायला-बांधायला वेळ लागायचा. माझ्याकडं सगळं होतं, तेवढा वेळ नव्हता. मी मेणाचा दोरा ओवला आणि सरळ शिवून टाकलं. कळांभोवती घट्ट, बारीक टाक्यांनी. काम मात्र सुरेख झालं, हे मी आजही म्हणेन. पांढऱ्याशुभ्र निकेलवर ते बदामी जाकीट असं दिसत होतं की अण्णांनी वाजा उलटासुलटा करून बघितला, माझा हात धरून जाकिटावर ठेवला, वर काढला, आणि खाली हाताचा डाग नाही हे पाहून म्हणाले, "डोकं चालतंय गड्याचं." एवढंच. पण दुपारी ढोलवाल्याला बोलावून त्यांनी स्वतः ते दाखवलं. माय दारातून बघत होती. मारोती काकांना मी दाखवायला गेलो नाही. शिवलेलं दिसलं असतं.

उदगीरला वरात निघाली तेव्हा ऊन उतरत होतं. त्या घरातली माणसं अर्धी मराठीत, अर्धी कानडीत बोलायची, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि म्हाताऱ्या बाया खिडक्यांतून वाकून बघत होत्या. मी पुढं, माधव माझ्या मागं जुन्या कॉर्नेटवर दुसरा सूर धरून. हातातून घाम गळत होता आणि जाकीट तो पीत होतं. पहिल्यांदाच मला हाताचा विचार करावा लागला नाही. मी असा सुटलो की वरात चौकात थांबली. नवरदेवाचे आजोबा घोड्यापाशी उभे होते, ते काठी उचलून "छलो, छलो" म्हणाले, म्हणजे कानडीत "छान, छान", आणि त्या दिवशी बँडवाल्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. गव्हाची हुग्गी होती, म्हणजे गुळातली खीर, गरम, वर तूप. खाताना अण्णांनी माझ्या पत्रावळीवर स्वतःच्या वाट्यातली घातली. माधवच्या आधी. मी ते बघितलं, आणि माधवनंही.

त्या लग्नसराईत आम्ही जळकोट, बिलोली, कुठं कुठं वाजवलं. जाकीट काळपट, गुळगुळीत होत गेलं. नळी, कर्ण्याचं तोंड मी रोज फडक्यानं पुसायचो, लोक लांबून तोंड बघायचे त्यात. जाकिटाखाली काय आहे ते मी बघितलं नाही. शिवलेलं उसवायचं म्हणजे पुन्हा शिवायचं. मग पाऊस लागला, सुपाऱ्या बंद झाल्या, वाजे धोतराच्या फडक्यात गुंडाळून खुंटीला गेले आणि आम्ही लोकांच्या शेतात निंदायला. भिंतींना ओल आली. घरात सगळ्याला एक कुबट वास होता, त्यात आणखी एक आंबूस वास मिसळला तरी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. माधवच्या आलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मिरवणुकीसाठी वाजे खाली काढले. माय चुलीवर पुरण शिजवत होती. माधवनं माझं कॉर्नेट दाराच्या उजेडात नेलं, जाकिटाच्या काठावरून नख फिरवलं आणि मला मागच्या परसात बोलावलं.

"काठाला हिरवं धरलंय, गंग्या. एकदा उसवून बघ."

हिरवी रेघ होती खरी, दोऱ्याएवढी. पण माझ्या तोंडातून निघालं ते असं, "तुला पाहिजे हाय म्हणून सांगून राहिलास. खंडेनवमी जवळ आली न, म्हणून."

त्यानं पुन्हा त्या काठावर नख टेकवलं. "आत्ता उसवलंस तर चिंचेनं निघंल. पुन्हा न्हाई निघायचं."

"तू तुझं बघ," मी म्हटलं. त्यानं कॉर्नेट माझ्या हातात दिलं आणि तो आत गेला. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही, अण्णांनाही सांगितलं नाही. त्यानं नुसता एक शब्द सांगितला असता, तर वाजा त्याचा झाला असता.

आणि मी काय केलं ते आता लिहितोच, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. कातड्याची एक बोटभर रुंद पट्टी कापली आणि त्या काठावर वरून शिवली. हिरवी रेघ दिसेनाशी झाली. एक वस्तू धड पाच मिनिटं जागेवर राहू न देणारा मी, घड्याळ उघडून बघणारा, जखमेची खपली रोज काढून बघणारा, पण ते एवढं एक मी उघडलं नाही. त्यापुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. झोप यायची नाही. शेतात निंदताना पिकातच खुरपं चालायचं. गणपतीत वाजवताना जाकीट हाताला ओलं लागायचं आणि मी स्वतःला सांगायचो, घाम आहे. मायला वाटलं मला कुणाची नजर लागली, तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मीठ तडतडलं तसा मी दचकलो.

खंडेनवमीला प्रत्येक जण आपल्या पोटाचं हत्यार पुजतो. आमच्याकडं वाजे. अंगणात सारवून घोंगडी अंथरायची, त्यावर सगळे वाजे ओळीनं, झेंडूची फुलं, ऊस, आपट्याचा फाटा. आणि आमच्या घराची एक रीत थोरल्या काकांनी घातलेली, त्या दिवशी वाज्यावर काही ठेवायचं नाही. फडकं नाही, दोरा नाही, गोंडा नाही. नळ्या सुट्या करायच्या, कळा काढायच्या, चिंच-राखेनं धुवायचं आणि उघडं मांडायचं. मला हे माहीत नव्हतं असं थोडंच. वर्षानुवर्षं मीच चिंच कोळत आलो होतो. पण माणूस ज्याला भितो ते विसरूही शकतो, तसं काहीतरी माझं झालं होतं.

अण्णा जाकिटापाशी आले आणि थांबले. "हे काढ."

"राहू द्या न अण्णा. शिवलेलं हाय. ढोलालाबी कातडं हायच की."

"ते ढोलाचं हाय. हे तुझं हाय," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात माधव बोलला. घोंगडीच्या त्या टोकाला बासा पुसत बसला होता, वर न बघता म्हणाला, "काका, यंदा राहू द्या तसंच. उसवलं तर ओरखडे पडतील गिलीटावर. देवाला काय, चालतंय."

मला वाचवत होता. ज्याच्यावर मी आळ घेतला होता तो. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. अण्णांनी मात्र त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मला वाटतं त्यांना तिथंच कळलं. त्यांनी आत जाऊन मी परत न केलेली रापी आणली, मांडी घालून बसले आणि एक एक टाका कापला. आधी वरची पट्टी. मग जाकीट. टाके सुटले तरी कातडं सुटेना, चिकटलं होतं. मायनं गरम पाणी आणून ओतलं तेव्हा ते सालीसारखं निघालं.

खाली गिलीट नव्हतंच. हिरवं, ओलं, खरबरीत. तिन्ही कळांच्या नळकांड्यांवर पितळाला देवीचे वण पडावेत तसे खड्डेच खड्डे. अंगठ्यानं पुसलं तर निकेलचे पापुद्रे अण्णांच्या बोटाला आले. उघड्या हातांनी मी दोन वर्षांत जे केलं नसतं ते त्या जाकिटानं एका पावसाळ्यात केलं होतं. अण्णांनी ते कातडं उचललं, टोक जिभेला लावलं, आणि थुंकले. शेजारच्या अंगणात कुणीतरी नारळ फोडला.

त्यांनी कॉर्नेट धुतलं, कळा बसवल्या, आणि एक सूर लावला. मी डोळे मिटून घेतले होते. सूर जसा पेटी उघडल्या दिवशी होता तसाच निघाला, भरलेला, सरळ. अण्णांनी वाजा खाली घेतला आणि बराच वेळ त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "माधवला असलं सडकं द्यायचं म्हणजे भावाला तोंड दाखवायला जागा न्हाई. त्याला नवं बघू आपण, पुढच्या साली. आणि हे आता आणखी काय खराब व्हायचं राहिलंय? गंग्या, तूच वाजव. तुझ्या हातानं आता याचं काय बिघडत न्हाई."

अण्णा म्हणजे न्यायाचा माणूस. त्यांना वाटलं, त्यांनी मला शिक्षा दिली आणि माधवचा मान राखला. पण मला त्या क्षणी आनंद झाला. आधी आनंदच झाला, उकळी फुटल्यासारखा. लाज मागून आली, बऱ्याच वेळानं, आणि आली ती मग गेलीच नाही. पुढच्या साली नवं कॉर्नेट आलं नाही, त्याच्या पुढच्या सालीही नाही. माधव तोवर लातूरला डाळीच्या मिलमध्ये लागला होता. तिथंच त्याचा संसार झाला, तिथंच तो गेला. त्याच्या घरी मी पुष्कळदा गेलो, आमचं बोलणं चालणं कधी तुटलं नाही. त्याच्या भिंतीवर कधी वाजा दिसला नाही.

त्या दिवशी पूजा झाली, मायनं सगळ्या वाज्यांना हळदकुंकू लावलं, त्या खड्ड्यांनाही. अण्णा बाहेर पडले. अंगणात आम्ही दोघंच उरलो, वाजे उचलून खुंटीला लावायचं काम होतं. मी कॉर्नेट मांडीवर घेऊन बसलो होतो, माधव झेंडूची फुलं गोळा करत होता.

मी म्हटलं, "राग आला का तुला?"

"राग कशाचा." त्यानं फुलं टोपलीत टाकली. मग माझ्याकडं न बघता, हळूच म्हणाला, "ते चमकतंय म्हणून नव्हतं पाहिजे रे मला. वाजवायला पाहिजे होतं."

'घे मग' एवढे दोनच शब्द होते. ते माझ्या ओठावर आले होते, हे मी देवाशपथ सांगतो. वाजा माझ्या मांडीवर होता, माधव हातभर अंतरावर होता, आणि अण्णांना मी समजावलं असतं. माझा पाय हलायचा थांबला होता. मी दोन्ही हातांनी कॉर्नेट धरलं आणि म्हणालो, "उद्या दसऱ्याला लवकर निघायचंय."

"हाव," माधव म्हणाला, आणि बासा उचलून आत गेला.